पिवळ्या वायरीचा इतिहास

स्मरणिकेसाठी 'बँकेतील अनुभव' लिहा, असे समितीने सुचवले होते. पण ते अनुभव कट्ट्यावर सर्वांनी इतक्यांदा ऐकलेत की छापायची गरज नाही. त्याऐवजी मी एका वायरीचा इतिहास लिहितो. डक्टमधून वर आलेली इंटरनेटची केबल घराच्या दाराशी एका छोट्या पेटीत संपते. तिथून वाय-फायच्या डब्यापर्यंत जो हात-दोन हात लांबीचा पिवळा तुकडा असतो, त्याला पॅच कॉर्ड म्हणतात. आत तांबे नाही, काच आहे.

२००० साली आपण इथे राहायला आलो तेव्हा घरोघरी तांब्याच्या तारेचा फोन होता. इंटरनेट लावले की फोन बंद आणि फोन आला की इंटरनेट बंद. काचेची तार मात्र त्याच्या कितीतरी आधीची, आणि तिच्या मुळाशी एक भारतीय माणूस आहे. नरिंदरसिंग कपानी हे पंजाबातल्या मोग्याचे. प्रकाश सरळ रेषेतच जातो असे डेहराडूनच्या शाळेत मास्तरांनी सांगितले, ते आपल्याला पटले नाही, असे ते सांगत. पुढे लंडनला इंपिरियल कॉलेजात हॉपकिन्स यांच्याबरोबर त्यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे पोचवले. तो निबंध १९५४ साली 'नेचर'मध्ये आला. 'फायबर ऑप्टिक्स' हे नाव रूढ केले तेही त्यांनीच. डॉक्टर पोटात दुर्बीण घालतात ना, ती त्याच वाटेने आली.

पण दुर्बिणीला मीटरभर काच पुरते. टेलिफोनला मैलोनमैल लागते, आणि तेवढ्या अंतरात त्या वेळच्या काचेत प्रकाश विझून जायचा. इथे डेसिबलचा हिशेब येतो. आम्हा बँकवाल्यांना तो सोपा, कारण तो घटत्या शिलकीवरच्या घसाऱ्यासारखा चालतो. दर किलोमीटरला उरलेल्या प्रकाशातून ठरावीक हिस्सा कापला जातो. १९६६ साली इंग्लंडमध्ये हार्लो येथे चार्ल्स काओ आणि हॉकहॅम यांनी मांडले की दोष काचेचा नाही, तिच्यातल्या अशुद्धीचा आहे. किलोमीटरला २० डेसिबलपर्यंत घट आणता आली तर टेलिफोन चालेल. २० डेसिबल म्हणजे शंभरातला एक भाग शिल्लक! त्या वेळच्या काचेत तेवढाही उरत नव्हता. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत मॉरर, केक आणि शुल्झ यांनी १७ डेसिबलची काच ओढून दाखवली. आज हीच घट किलोमीटरला ०.२ डेसिबलच्या आसपास आहे. म्हणजे पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश हाती राहतो.

काओंना २००९ चे नोबेल मिळाले. तोवर त्यांना स्मृतिभ्रंशाने गाठले होते, व्याख्यान पत्नी ग्वेन यांनी दिले. कपानींना नोबेल नाही. आपल्या सरकारने पद्मविभूषण दिले ते २०२१ मध्ये, त्यांच्या निधनानंतर. जिवंतपणी द्यायला काय हरकत होती, कळत नाही.

आता आपल्या गावाचे. देशातली स्थानिक एक्स्चेंजांना जोडणारी पहिली ऑप्टिकल फायबर पुण्यातच पडली, १९७९ साली. फोनचा अर्ज भरून वर्षानुवर्षे वाट पाहायचे दिवस होते ते, त्यामुळे कोणाला पत्ता नव्हता. मलाही नव्हता.

इतके सगळे होऊनही एक अडचण उरली होती, तिच्याकडे पुस्तके फारसे लक्ष देत नाहीत. काच जोडायची कशी? तांब्याची दोन टोके पिळली की वीज वाहते. काचेचे तसे नाही. पिवळ्या कॉर्डमधला प्रकाशाचा मार्ग फक्त ९ मायक्रॉन रुंद असतो, केसाहून कितीतरी बारीक. बाहेरच्या काचेसकट मोजले तर १२५. एका टोकाचे ९ मायक्रॉन दुसऱ्याच्या ९ मायक्रॉनसमोर नेमके आले पाहिजेत. टोके वितळवून कायमचे सांधता येतात, पण मग बदलता येत नाहीत. म्हणून तंतू चिनी मातीसारख्या कठीण नळीत बसवून टोक घासून गुळगुळीत करायचे आणि दोन नळ्या समोरासमोर दाबायच्या, ही युक्ती निघाली. आपल्याकडे दिसणारा चौकोनी प्लग जपानच्या एनटीटीने १९८०च्या दशकात काढला. निळा असेल तर टोक सरळ घासलेले, हिरवा असेल तर ८ अंश तिरके. तिरक्या टोकामुळे उलटा फिरणारा प्रकाश बाजूला निघून जातो. म्हणून हिरव्यात निळा खुपसायचा नाही.

आता गंमत बघा. चांगल्या जोडातसुद्धा ०.२ ते ०.३ डेसिबल जातात. म्हणजे एक ते दीड किलोमीटर काचेत जितका प्रकाश जातो, तितका एका प्लगमध्ये! आणि टोकावर धूळ बसली तर विचारू नका. लॉकडाउनमध्ये बी विंगमधल्या एका मुलीचे ऑनलाइन वर्ग दोन दिवस बंद होते. डबा बदलून झाला, तक्रारी झाल्या. शेवटी आलेल्या तंत्रज्ञाने प्लग काढला, पेनासारख्या साधनाने टोक पुसले, परत लावले. पाच मिनिटांत वर्ग सुरू. मी शेजारी उभा होतो. टोकाकडे वाकून बघायला लागलो तर त्याने हात धरून मागे ओढले. "काका, त्यातला उजेड दिसत नाही, पण डोळ्यात जातो."

हे सगळे आत्ता लिहायचे कारण, दिवाळीनंतर जिन्यांचे रंगकाम निघणार आहे. रंगारी वायरी गोळा करून सुतळीने करकचून बांधतात. तांब्याला चालते. काच कमी गोलाईत वाकली की वळणावरच प्रकाश बाहेर गळतो, आणि उघड्या प्लगवर घासकामाची पांढरी धूळ बसते. समितीने काम सुरू होण्याआधी रिकाम्या प्लगांना टोप्या बसवून घ्याव्यात आणि वायरी सैल वेटोळ्यात टांगाव्यात. मी परवा दोन्ही पेट्या उघडून पाहिल्या. ए विंगमध्ये चार टोप्या आहेत, बी विंगमध्ये एकही नाही.