पन्नास सीसी, अडीचशे वॅट आणि सोळावे वर्ष

दिल्लीतील आर. के. पुरमचे नाव अलीकडे देशभर ऐकू येते ते हिवाळ्यात. नोव्हेंबर उजाडला की हवेच्या गुणवत्तेच्या बातम्यांत आनंद विहार आणि पंजाबी बाग यांच्या जोडीने आर. के. पुरमच्या मापन केंद्राचा आकडा येतो, आणि तो बहुधा ‘अतिशय वाईट’ किंवा ‘गंभीर’ श्रेणीतला असतो. या वसाहतीचा दुसरा एक इतिहास आहे, तो मात्र बातम्यांत येत नाही. तो दुचाकींचा आहे.

रामकृष्ण परमहंसांचे नाव दिलेली ही वसाहत केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी उभारली गेली. रिंग रोड आणि आउटर रिंग रोड यांच्या मधल्या पट्ट्यात सेक्टरांमागून सेक्टर पाडले गेले, आणि लिफ्ट नसलेल्या बैठ्या-बुटक्या इमारतींत देशाच्या प्रत्येक प्रांतातली कुटुंबे राहायला आली. मलाई मंदिर तमिळांचे, तर विठ्ठल मंदिर मराठी माणसांचे. बदलीच्या नोकरीत गाव असे सोबत आणावे लागते. नियोजनकारांनी प्रत्येक सेक्टरला बाजार दिला, शाळा दिल्या, मोकळी मैदाने दिली. परंतु कार्यालये राहिली सात-आठ किलोमीटरवर, सफदरजंग रुग्णालय तीन-चार किलोमीटरवर, आणि भाजी, दूध, शिकवणी, बसथांबा ही सारी ठिकाणे अशा अंतरांवर की चालायला ती थोडी जास्त आणि बसची वाट पाहायला थोडी कमी. भारतात दुचाकीची मागणी जन्मली ती या अंतरांतून.

मागणी होती, पण वाहन नव्हते. १९६० च्या नियंत्रण आदेशाने स्कूटरची विक्री आणि वाटप सरकारच्या हाती गेले. पुण्याजवळच्या आकुर्डीत बजाज ऑटोच्या कारखान्यातून निघणाऱ्या स्कूटरसाठी सामान्य ग्राहकाला वर्षानुवर्षे थांबावे लागे. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी वेगळा कोटा होता, वाहनासाठी अग्रिम रक्कमही मिळे, त्यामुळे आर. के. पुरमसारख्या वसाहतीत स्कूटर इतरांच्या मानाने लवकर दिसू लागली. १९७२ मध्ये आलेल्या ‘चेतक’ने पुढच्या दोन दशकांत या घरांची सकाळच बदलली. पुढे उभे लहान मूल, मागे तिरकी बसलेली पत्नी आणि पायांशी भाजीची पिशवी, हे चित्र त्या काळाचे आहे. ते धोकादायक होते, हे मात्र त्या चित्राच्या आठवणीने गहिवरणारे सहसा सांगत नाहीत.

त्याच १९७२ साली पुण्यातून आणखी एक वाहन निघाले. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या ‘चाओ’ या मोपेडवर आधारलेली ‘लुना’ बाजारात आणली: ५० सीसीचे इंजिन, गिअर नाही, आणि पेट्रोल संपले तर मारायला पॅडल. चेतक हे कुटुंबप्रमुखाचे वाहन होते. लुना शिक्षिकेची, परिचारिकेची, टपाल वाटणाऱ्याची आणि महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीची झाली. वजन कमी असल्याने ती कोणालाही स्टँडवर चढवता येई, आणि ही गोष्ट वाटते त्याहून महत्त्वाची होती.

तरुणांच्या दृष्टीने खरा प्रश्न यंत्राचा नव्हता, कायद्यातल्या एका ओळीचा होता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने वाहन चालवण्याचे किमान वय १८ ठरवले, पण विनागिअर दुचाकीसाठी ते १६ ठेवले. त्या व्याख्येत लुना बसत होती, आणि १९८४ मध्ये आलेली, बटण दाबून सुरू होणारी, जवळजवळ १०० सीसीची कायनेटिक होंडाही बसत होती. १९९४ च्या दुरुस्तीने ‘विनागिअर’ हे शब्द काढून तेथे ‘५० सीसीपर्यंतचे इंजिन’ असे घातले. हेतू रास्त होता, कारण गिअर नसणे म्हणजे वेग नसणे नव्हे. परिणाम मात्र विचित्र झाला. पुढच्या काही वर्षांत ५० सीसीची वाहने बाजारातूनच हळूहळू नाहीशी झाली, लुनाही थांबली. सोळा वर्षांच्या मुलामुलींना कायद्याने जे चालवण्याची मुभा होती, ते विकत मिळेनासे झाले. मुभा कागदावर राहिली.

विजेची स्कूटर या पोकळीत आली. कल्पना म्हणून ती मुळीच नवी नव्हती. १९१५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘ऑटोपेड’ नावाचे उभ्याने चालवायचे वाहन निघाले होते, आणि त्याची बॅटरीवर चालणारी आवृत्तीही आली. लंडनमध्ये लेडी फ्लॉरेन्स नॉर्मन त्यावरून कामाला जात, याचे १९१६ चे छायाचित्र प्रसिद्ध आहे. ऑटोपेडचे उत्पादन काही वर्षांतच बंद पडले. विजेच्या वाहनाची अडचण त्या काळी बॅटरीची होती, आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे तीच राहिली. गॅस्टन प्लांते यांनी १८५९ मध्ये शोधलेल्या शिसे-आम्ल बॅटरीत एका किलो वजनामागे साधारण ३० ते ४० वॅट-तास ऊर्जा मावते. म्हणजे वीजबिलावरचे एक युनिट सोबत न्यायचे तर २५ ते ३० किलो शिसे वाहावे लागते.

भारतात या वाहनाला जागा मिळाली ती केंद्रीय मोटार वाहन नियमांत २००५ च्या सुमारास आलेल्या एका तरतुदीने. ज्या बॅटरीवरच्या दुचाकीच्या मोटरची शक्ती २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आहे, ती ‘मोटार वाहन’ मानली जाणार नाही, असे ठरले. पुढे वजनाचीही मर्यादा आली: बॅटरी सोडून ६० किलो. नोंदणी नाही, परवाना नाही, आणि म्हणून परवान्याचे वयही नाही. वाहन या चौकटीत बसते की नाही, याची तपासणी करणाऱ्या संस्थांत पुण्याची ‘एआरएआय’ ही प्रमुख.

२५० वॅट म्हणजे नेमके किती, हे समजून घेण्यासारखे आहे. चालक धरून १५० किलोचे वाहन सपाट रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरने न्यायचे, तर चाकांचे घर्षण आणि हवेचा रोध मिळून सुमारे ४० न्यूटन बल लागते. त्याला वेगाने गुणले की उत्तर २८० ते ३०० वॅटच्या आसपास येते. नियमातली शक्ती म्हणजे सपाट रस्त्यावर जेमतेम पुरणारी शक्ती. रस्ता शंभर मीटरला तीन मीटर चढू लागला की लागणारे बल दुप्पट होते, आणि मुनिरकाच्या उड्डाणपुलावर अशी स्कूटर रांगू लागते. मागून वेगाने येणाऱ्या बसगाड्यांपुढे ताशी १२ किलोमीटरने चढणारे वाहन ही सोय राहत नाही, संकट होते. उलट, सेक्टरच्या आतल्या रस्त्यांवर याच वाहनाइतके शहाणे वाहन दुसरे नाही.

कारण त्याचे उपयोग सगळे आतल्या रस्त्यांवरचेच आहेत. पहाटे दूध आणि आठवड्याची भाजी आणणे, गुडघे दुखणाऱ्या निवृत्त माणसाला दवाखान्यात किंवा मंदिरात जाणे, २०१८ मध्ये आर. के. पुरमला मिळालेल्या मॅजेन्टा मार्गिकेच्या मेट्रो स्थानकापर्यंत पोहोचणे, संध्याकाळी शिकवणीला जाणे. जाऊन-येऊन चार-पाच किलोमीटर. एका युनिट विजेत अशी स्कूटर साधारण चाळीस किलोमीटर जाते, म्हणजे आठवड्याची कामे एका-दीड युनिटात भागतात. पेट्रोलच्या इंजिनाला असल्या छोट्या फेऱ्या सर्वांत जड जातात: इंजिन आणि त्याचे धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक पुरते तापण्याआधीच फेरी संपते, त्यामुळे किलोमीटरमागे धूर जास्त होतो. ज्या वसाहतीच्या हवेची मोजणी देश रोज वाचतो, तेथे हा मुद्दा किरकोळ नाही.

तरीही या स्कूटरचा पहिला बहर टिकला नाही. बाहेरून सुटे भाग आणून येथे जोडलेल्या अनेक गाड्यांचा दर्जा बेताचा होता. शिसे-आम्ल बॅटरी दीड-दोन वर्षांत थके आणि नवी घेण्याचा खर्च छातीत धडकी भरवणारा असे. नोव्हेंबर २०१० मध्ये नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने अनुदान सुरू केले, कमी वेगाच्या दुचाकीला ४,००० आणि जास्त वेगाच्या दुचाकीला ५,००० रुपयांपर्यंत. मार्च २०१२ मध्ये ते संपताच विक्री कोसळली. २०१५ मध्ये ‘फेम’ योजनेने पुन्हा हात दिला.

मधल्या काळात रसायनशास्त्र पुढे गेले होते. गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे नोबेल ज्या लिथियम-आयन बॅटरीसाठी मिळाले, तिने एका युनिटाचे वजन २५-३० किलोवरून आठ-दहा किलोंच्या घरात आणले. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, खाली स्वतःचे वीजमीटर नसलेल्या कुटुंबाला हा फरक तत्काळ कळतो: बॅटरी काढून पिशवीसारखी वर नेता येते. मद्रास आयआयटीच्या दोन माजी विद्यार्थ्यांनी उभारलेली एथर, जानेवारी २०२० मध्ये पुणे आणि बंगळूर येथे पुन्हा अवतरलेली आणि या वेळी विजेवर धावणारी चेतक, आणि त्यांच्यामागून आलेल्या इतर कंपन्या याच बॅटरीवर उभ्या राहिल्या. ऑगस्ट २०२० च्या दिल्लीच्या धोरणाने दुचाकीला ३०,००० रुपयांपर्यंत साहाय्य देऊ केले, आणि पहिल्या ३०,००० चार्जिंग ठिकाणांसाठी ६,००० रुपयांपर्यंत मदतही.

या यशाच्या कथेत एक गोष्ट निसटली. एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या ‘फेम’च्या दुसऱ्या टप्प्याने अनुदानासाठी किमान वेग ताशी ४० किलोमीटर आणि एका चार्जिंगमध्ये किमान ८० किलोमीटरचा पल्ला अशी अट घातली. पेट्रोलच्या स्कूटरला पर्याय हवा असेल तर वाहन तितके दमदार हवे, हा युक्तिवाद पटण्यासारखाच आहे. पण त्यामुळे २५० वॅटची संथ स्कूटर मदतीच्या बाहेर गेली, आणि तिच्याबरोबर तिचे ग्राहकही: विद्यार्थी, वृद्ध, परवाना नसलेल्या गृहिणी. सरकारने वेगाला बक्षीस दिले आणि संथपणाला बाजारावर सोडले.

सोळा ते अठरा वयोगटाची कोंडी तर अधिकच विलक्षण आहे. कायद्यातली सवलत अजूनही इंजिनाच्या सीसीत लिहिलेली, आणि विजेच्या मोटरला सीसी नसतात. २०१८ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी या वयाच्या मुलांना विजेच्या स्कूटरचा परवाना देण्याचा मनोदय जाहीर केला होता. दुसऱ्या बाजूने २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १९९-अ आले: अल्पवयीनाने मोटार वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, शिवाय वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. वेगवान विजेच्या स्कूटरला हे सगळे लागू. २५० वॅटच्या स्कूटरला यातले काही नाही. चौदा वर्षांचे मूलही ती रस्त्यावर काढू शकते, तेही बिनहेल्मेट.

ही सूट ज्या वेगाच्या मर्यादेवर उभी आहे, ती पाळली जात नाही तेव्हा काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. विक्रेते कंट्रोलरमध्ये फेरफार करून गाडी ४० किंवा अधिक वेगाने पळवून देतात, म्हणून २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन विभागाला अशा वाहनांविरुद्ध मोहीम उघडावी लागली. तसे पाहता २५ चा वेगही निरुपद्रवी नाही. त्या वेगाने एखाद्या गोष्टीवर आदळणे म्हणजे सुमारे अडीच मीटर उंचीवरून पडणे. सरकारी क्वार्टरचे छत त्याहून थोडेसेच उंच असते. ४० च्या वेगाला ही उंची सहा मीटरांहून अधिक होते. हेल्मेट कायद्याने सक्तीचे नाही, एवढ्यावरून ते अनावश्यक ठरत नाही.

संथ स्कूटरला अखेर आधार सापडला तो वेगळ्याच तरुणांत. दिल्लीत घरोघर जेवण आणि किराणा पोहोचवणाऱ्या मुलांपैकी अनेकांकडे परवाना नाही, स्वतःचे वाहन घेण्याइतके पैसेही नाहीत. भाड्याने मिळणारी, २५ च्या मर्यादेतली स्कूटर त्यांचे रोजगाराचे साधन झाली. युलूसारख्या कंपन्यांसाठी अशी वाहने बजाजनेच घडवली. दिल्लीच्या २०२३ च्या योजनेने वितरण कंपन्यांचा सारा ताफा २०३० पर्यंत विजेवर आणण्याचे बंधन घातले आहे. मात्र उड्डाणपुलाचा चढ आणि ‘दहा मिनिटांत’चे वचन ही दोन्ही ओझी त्याच अडीचशे वॅटवर येऊन पडतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये लुनाही परत आली. पुण्याच्या कायनेटिक ग्रीनची ‘ई-लुना’ सुमारे ७०,००० रुपयांना, ताशी ५० किलोमीटर वेगाची, पुढे सामान ठेवायला जुन्यासारखीच मोकळी जागा असलेली. दूधवाल्याला, दुकानदाराला, गॅसची टाकी नेणाऱ्याला ती सोयीची आहे. तिला नोंदणी लागते, चालकाला परवाना लागतो.