अठराव्या वर्षाचा पावसाळा

या घटनाक्रमातला काळ लेण्यांच्या भिंतींवर कोरलेला आहे: राजाचे वर्ष, पंधरवडा, दिवस.

नहपानाचे वर्ष 42, वैशाख. नाशिकचा त्रिरश्मी डोंगर. क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात भिक्षुसंघाला लेणे देतो. सोबत 3,000 कार्षापणे: 2,000 गोवर्धनच्या एका विणकर श्रेणीकडे दरमहा शेकडा 1 व्याजाने, 1,000 दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. मुद्दल कधीच परत करायचे नाही, व्याज तेवढे चालू राहायचे. व्यवस्था कायमची आहे.

याच राजवटीत, कोकण किनारा. ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापाराच्या मार्गदर्शिकेचा अनामिक ग्रीक लेखक भडोचच्या राजाला मॅम्बॅनस म्हणतो, अभ्यासक त्याला नहपान मानतात. भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर यांची ग्रीक अक्षरांची जुनी द्राख्मे अजून चालतात. कल्याण मात्र अडवलेले आहे. पूर्वी ते रीतसर खुले बंदर होते. आता तिथे चुकून लागलेले ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेले जाते. पुढचे बंदर चौल. आजचे पनवेल या दोहोंच्या मधे, बोरघाटाच्या पायथ्याच्या वाटेवर. घाटावरच्या सातवाहनांच्या हातून समुद्राचे उत्पन्न गेले आहे. माझ्या मते नहपान आणि सातवाहन यांचे युद्ध इथेच ठरले. ही अडवणूक उठवल्याची नोंद नाही.

एक पावसाळा. उषवदात सैन्य घेऊन उत्तरेला. मालय गणाच्या वेढ्यात सापडलेल्या उत्तमभद्र गणाच्या प्रमुखाला त्याला सोडवायचे आहे. मालय नुसत्या गर्जनेने पळाले, असे त्याचा लेख सांगतो. मग पुष्कराला स्नान आणि 3,000 गाईंचे दान. दक्षिणेच्या सीमेविषयी त्या लेखात एक अक्षर नाही.

वर्ष 45. देव आणि ब्राह्मण यांच्यासाठी 70,000 कार्षापणांचे दान भिंतीवर नोंदले जाते. हिशेब 35 कार्षापणांना एक सुवर्ण. खजिना भरलेला आहे.

वर्ष 46, जुन्नर. अमात्य अयम पाण्याची पोढी आणि मंडप बांधतो. राजाला आता ‘महाक्षत्रप’ म्हटले आहे. नहपानाचे यानंतरचे एकही वर्ष कोणत्याही भिंतीवर सापडलेले नाही.

सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचे वर्ष 18, पावसाळ्याचा 2रा पंधरवडा, दिवस 1. विजयी सैन्याच्या छावणीतून गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला आज्ञा जाते: आजवर ऋषभदत्ताकडे असलेले 200 निवर्तनांचे शेत भिक्षूंना द्यावे. ऋषभदत्त म्हणजेच उषवदात. लढाईचे वर्णन नाही; जमिनीच्या कागदात एक नाव मागे पडले, इतकेच.

त्याच वर्षी, 4था पंधरवडा, दिवस 1. महिना उलटला आहे. मामाळच्या म्हणजे मावळच्या अमात्याला दुसरी आज्ञा: करजक गाव कार्ल्याच्या भिक्षूंना. हे गाव उषवदातानेच त्यांना दिले होते. भिक्षू तेच, गाव तेच, दाता बदलला. ज्या चैत्याजवळ हे कोरले गेले, त्याचे कित्येक खांब धेनुकाकट गावच्या यवनांनी (शब्दाचा मूळ अर्थ ग्रीक) दिलेले आहेत.

गौतमीपुत्राचा मुलगा पुळुमावी याचे वर्ष 19, उन्हाळ्याचा 2रा पंधरवडा, दिवस 13. गौतमीपुत्राची आई बलश्री नाशिकला मुलाची कीर्ती कोरवते: शक, यवन, पह्लवांचा संहारक, क्षहरात वंश निःशेष करणारा.

1906, नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी. मडक्यातून नहपानाची सुमारे 13,250 चांदीची नाणी निघाली. एका बाजूला राजाचे मस्तक आणि भोवती ग्रीक अक्षरे. दुसरीकडे ब्राह्मी आणि खरोष्ठी. त्यांतल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला कमानींचा डोंगर आणि उज्जैन चिन्ह ठोकले होते. इतकी नाणी परत ठोकायला किती टाकसाळी राबल्या असतील, याचा अंदाज वाचकाने करावा.

कार्ल्याच्या खांबांवरची यवन दात्यांची नावे मात्र कोणी खोडली नाहीत. ती आजही वाचता येतात.