न्यूअर्क येथील मातीची स्मारके

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील प्रसिद्ध समारंभस्थळ. ओहायो राज्यातील न्यूअर्क शहरात हॉपवेल संस्कृतीच्या लोकांनी सुमारे २,००० वर्षांपूर्वी ते उभारले. मूळ विस्तार सु. १० चौ. किमी. होता. शहर, कालवा व रेल्वेमार्ग यांनी बराच भाग गिळला. महावर्तुळ, अष्टकोन व एका चौकोनाचा अवशेष एवढेच आज उरले आहे.

महावर्तुळाचा व्यास सु. ३६५ मी. असून त्याच्या बांधाची उंची १.५ ते ४.३ मी. आहे. खंदक बांधाच्या आतल्या अंगाला असल्याने हे स्थळ संरक्षणासाठी नव्हते, असे पुरातत्त्वज्ञ मानतात. बांधाची माती निवडून घातलेली आढळते : बाहेरून गडद तपकिरी, आतून पिवळसर.

सु. २० हेक्टरांच्या अष्टकोनाला ३२१ मी. व्यासाचे वर्तुळ जोडलेले आहे. अष्टकोनाच्या प्रत्येक कोपऱ्यात वाट सोडलेली असून तिच्यासमोर आतल्या बाजूस मातीचा लहान उंचवटा आहे. चंद्रोदयाची जागा १८.६ वर्षांच्या चक्रात क्षितिजावर सरकते. तिचे उत्तरेकडील टोक या जोडवास्तूच्या अक्षाच्या रेषेत येते, असे रे हाइव्हली व रॉबर्ट हॉर्न या संशोधकांनी १९८२ मध्ये दाखवले. ओहायोतीलच चिलिकॉथीजवळच्या हाय बँक या हॉपवेल स्थळातील वर्तुळाचा व्यासही तेवढाच असून त्या स्थळाचा अक्ष न्यूअर्कच्या अक्षाशी काटकोन करतो. म्हणून चंद्राशी असलेली ही जुळणी योगायोग मानणे कठीण आहे. विखुरलेल्या लहान वस्त्यांतील लोक विधींसाठी येथे जमत असावेत. हॉपवेल स्थळांवर सुपीरिअर सरोवराकडचे तांबे, ॲपलाचियन पर्वतातील अभ्रक व मेक्सिकोच्या आखातातील शंख सापडतात; त्यावरून या लोकांच्या दूरवरच्या संबंधांची कल्पना येते.

ई. जी. स्क्वायर व ई. एच. डेव्हिस यांनी १८४८ मध्ये या स्थळाचा नकाशा प्रसिद्ध केला. त्या काळी अशी कामे एखाद्या लुप्त वंशाची मानली जात. सायरस टॉमस यांच्या १८९४ च्या अहवालाने तो समज खोडला आणि हे कर्तृत्व मूलनिवासींच्या पूर्वजांचे ठरले. ज्या शॉनी या मूलनिवासी जमातीच्या लोकांना ओहायोतून हुसकावले गेले, त्यांचे वंशज आज या वारशाच्या जतनासाठी आग्रहाने बोलतात, हे महत्त्वाचे आहे.

अष्टकोनावर १९१० पासून गोल्फ क्लब होता. २०२३ मध्ये हे स्थळ इतर हॉपवेल स्थळांसह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर २०२५ च्या आरंभी क्लबचा ताबा संपला व अष्टकोन सर्वांना खुला झाला.