हिऱ्यांचे अनुस्फुरण
जंबुपार किरण (दृश्य वर्णपटातील जांभळ्या टोकापलीकडील अदृश्य किरण) पडत असेपर्यंत काही हिऱ्यांमधून निळा, क्वचित पिवळा, हिरवट वा नारिंगी प्रकाश बाहेर पडतो. या आविष्कारास हिऱ्याचे अनुस्फुरण म्हणतात. किरण थांबल्यानंतरही प्रकाश काही काळ टिकल्यास त्यास प्रस्फुरण ही संज्ञा आहे. भारतातून यूरोपात गेलेला ‘होप’ हा निळा हिरा अशा रीतीने अंधारात काही वेळ तांबडा दिसतो. तपासणीस येणाऱ्या हिऱ्यांपैकी सु. २५ ते ३५ टक्के हिऱ्यांत अनुस्फुरण आढळते व त्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक हिऱ्यांचा प्रकाश निळा असतो.

हिरा अंधारात चकाकतो, याची पद्धतशीर नोंद रॉबर्ट बॉइल यांनी १६६३ मध्ये केली. ‘फ्ल्युओरेसन्स’ ही संज्ञा जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये योजली. तथापि एक हिरा प्रकाशतो व दुसरा प्रकाशत नाही, असे का, हा प्रश्न विसाव्या शतकापर्यंत अनुत्तरित राहिला. त्याच्या उकलीचा महत्त्वाचा टप्पा भारतात पार पडला. बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्थेत चंद्रशेखर वेंकट रामन यांनी सु. ३०० हिऱ्यांचा संग्रह जमवून आपल्या विद्यार्थ्यांकडे त्यांच्या अभ्यासाचे निरनिराळे भाग सोपविले. अनुस्फुरणाचा मोठा भाग ॲना मणी (१९१८–२००१) यांच्याकडे होता. आठव्या वाढदिवशी मिळणारी हिऱ्यांची कर्णभूषणे नाकारून त्यांनी ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’चा संच मागून घेतला होता, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते.

मणी यांनी तीसहून अधिक हिऱ्यांचे अनुस्फुरण, शोषण व रामन परिणाम यांचे वर्णपट घेतले. त्यासाठी स्फटिक द्रवरूप हवेच्या तापमानापर्यंत थंड करावा लागे. प्रकाश इतका क्षीण असे की, छायाचित्रण-काचेवर त्याचा ठसा उमटण्यास १५ ते २० तास लागत. त्यामुळे अनेकदा रात्रभर प्रयोगशाळेत थांबावे लागे. निळ्या अनुस्फुरणात सु. ४१५ नॅनोमीटर आणि हिरवट-पिवळ्या अनुस्फुरणात सु. ५०३ नॅनोमीटर तरंगलांबीची रेषा प्रमुख असते व प्रत्येक अनुस्फुरण-पट्टाला अनुरूप असा शोषण-पट्ट असतो, हे या मापनांतून स्पष्ट झाले. १९४२ ते १९४५ या काळात त्यांचे पाच निबंध प्रसिद्ध झाले. १९४५ मध्ये त्यांनी मद्रास विद्यापीठाला प्रबंध सादर केला, परंतु एम्.एस्‌सी. पदवी नाही, या कारणास्तव त्यांना डॉक्टरेट नाकारण्यात आली. प्रबंध रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात राहिला. इंग्लंडमध्ये हवामान-उपकरणांचे शिक्षण घेऊन १९४८ मध्ये त्या पुणे येथील भारतीय हवामानशास्त्र विभागात रुजू झाल्या. हिऱ्यातील क्षीण प्रकाश मोजणाऱ्या मणी यांनी पुढे सौर प्रारणाची मोजणी देशभर प्रस्थापित केली.

अनुस्फुरण हा हिऱ्याच्या मूळ संरचनेचाच गुण असावा, असे रामन यांचे मत होते. ते टिकले नाही. कैसर व बाँड यांनी १९५९ मध्ये बहुसंख्य हिऱ्यांत नायट्रोजन असल्याचे दाखविले. पुढील संशोधनानुसार स्फटिकजालकातील एका रिक्त स्थानाभोवती नायट्रोजनाचे तीन अणू असल्यास ४१५ नॅनोमीटरची रेषा व निळा प्रकाश मिळतो. अशा प्रकारे स्पष्टीकरण बदलले. मापने मात्र ग्राह्य राहिली.

व्यापारात या गुणाचे मोल पालटत गेले. निळा व पिवळा हे परस्परपूरक रंग असल्याने निळ्या अनुस्फुरणामुळे किंचित पिवळट हिरा उन्हात अधिक शुभ्र भासतो. म्हणून ‘निळा-पांढरा’ हिरा एकेकाळी चढ्या भावाने विकला जाई. पुढे मात्र तीव्र अनुस्फुरण असलेल्या उच्च रंगप्रतीच्या हिऱ्यांना कमी भाव मिळू लागला.

जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका या संस्थेने १९५५ मध्ये प्रतवारी अहवाल देण्यास प्रारंभ केला. तिच्या अहवालात हिऱ्याची प्रमाण-नमुन्यांशी तुलना करून अनुस्फुरण ‘नाही’, ‘मंद’, ‘मध्यम’, ‘तीव्र’ किंवा ‘अतितीव्र’ असे नोंदवितात. ‘मध्यम’ व त्यावरील पायऱ्यांना प्रकाशाचा रंगही देतात. अन्य प्रयोगशाळांची शब्दयोजना थोडी निराळी असते. ही नोंद ओळखखूण म्हणून असते. रंग, निर्मलता, पैलू व वजन यांप्रमाणे ती प्रतीचा निकष नव्हे. याच संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सामान्य निरीक्षकांना अनुस्फुरणाचा परिणाम ओळखता आला नाही. तीव्र निळे अनुस्फुरण असलेले हिरे वरून पाहता रंगाने उलट किंचित सरस वाटले. अनुस्फुरणशील हिऱ्यांपैकी ०·२ टक्क्यांहूनही कमी हिरे धूसर दिसतात.

मुंबई हे हिरेव्यापाराचे मोठे केंद्र असून वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्स २०१० पासून कार्यरत आहे. तेथे तसेच किरकोळ पेढ्यांवरही भाव ठरविताना अहवालातील हा एक शब्द विचारात घेतला जातो. तो दोषदर्शक नसल्याने, निव्वळ शब्दावरून निर्णय न करता हिरा उन्हात व दिव्याच्या प्रकाशात प्रत्यक्ष पाहणे ग्राहकाच्या हिताचे असते.