पुरात बिऱ्हाड हलवताना

आषाढ सरत आला, धरणं भरत आली, की आपल्या कृष्णा-पंचगंगेच्या काठावर घरोघरी एकच बोलणं सुरू होतं. हलायचं की अजून थांबायचं? आज या हलण्याचाच थोडा इतिहास आपण बघू या.

सुरुवात नृसिंहवाडीपासून करू. तिथं दत्ताच्या देवळात पाणी चढलं की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. वर्षानुवर्षांची रीत आहे. पाणी कुठवर आलं की देव हलवायचा हे ठरलेलं असतं, त्यावर वाद होत नाही. आपल्या घरात मात्र वाद होतो. सासरे म्हणतात, "आमच्या जन्मात इथवर पाणी आलं नाही." मग म्हैस दाव्याला, धान्य कणगीत आणि माणसं माळ्यावर चढून बसतात.

आपला पूर डोंगरातल्या लोंढ्यासारखा धावत येत नाही. सांगलीच्या खाली नदीला उतार कमी. वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते आणि कृष्णा फुगली की पंचगंगेचं पाणी मागं सरकतं. म्हणून शिरोळकडं पाणी हळूहळू चढतं आणि दिवसेंदिवस हलत नाही. हळू चढतं म्हणूनच ते फसवतं. आज उंबऱ्यापासून चार हात लांब आहे, उद्या बघू, असं म्हणता म्हणता रस्ता बंद होतो.

2005 च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 54 फुटांच्या आसपास गेलं. लोकांनी भिंतींवर खुणा केल्या. हरिपुरात तर जमिनीतल्या पेवांत पाणी शिरून साठवलेली हळद गेली. पेव काही उचलून नेता येत नाही! त्यानंतर चौदा वर्षं ती 2005 ची खूण हाच आपला कायदा झाला. गाद्या, धान्य, टीव्ही खुणेच्या वर हातभर ठेवले की झालं, असं आपण मानलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं. म्हणजे जुन्या खुणेच्या वर साडेतीन फूट, अंगणवाडीतल्या पोराच्या उंचीएवढं. खुणेच्या भरवशावर थांबलेली माणसं छपरावर अडकली.

त्याच पुरात, 8 ऑगस्ट 2019 ला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली. 17 जीव गेले, त्यांत बायका आणि लहान मुलं होती. बोटीत झेपतील त्यापेक्षा जास्त माणसं बसली होती. आम्हाला इथं कुणाला नावं ठेवायची नाहीत. पाणी दारात आल्यावर जी बोट येईल तिच्यात माणूस चढणारच. पण दोन दिवस आधी तोच रस्ता ट्रॅक्टरनं पार करता येतो, हे आपण त्या दिवसापासून विसरलेलो नाही. 2021 च्या जुलैत पुन्हा 55 फुटांच्या आसपास पाणी आलं, तेव्हा बऱ्याच गावांनी वाट बघितली नाही. जनावरं, वैरण, म्हातारी माणसं आधी हलली.

आधी निघायचं म्हणजे किती आधी? आयर्विन पुलापाशी 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर तेच आकडे 39 आणि 43. पण हे आकडे शहराचे. आपल्या गल्लीत पाणी कधी येतं? प्रत्येक गटानं वहीत लिहून ठेवावं: पुलापाशी इतके फूट झाले तेव्हा पाणी शाळेच्या पायरीला होतं, इतके झाले तेव्हा गावाबाहेरचा ओढा बंद झाला. घर बुडण्याआधी रस्ता बुडतो, म्हणून ओढ्याचा आकडा आधी लिहा. हे जुन्या बायकांना तोंडपाठ असतं, फक्त त्यांना कुणी विचारत नाही.

निघताना दुभत्या जनावरासाठी मागं थांबणारी बहुतेक बाईच असते. म्हणून जनावरं पहिल्या फेरीत गेली पाहिजेत. ती गेली की बाईही निघते. अगदीच जमलं नाही तर दावं सोडून द्यावं, बांधलेलं जनावर बुडतं. रेशनकार्ड, आधार, बँकेचं पुस्तक, गटाची वही आणि औषधं एका प्लास्टिकच्या पिशवीत. निघताना विजेचा मेन स्विच बंद करायचा, पण जमीन कोरडी असतानाच. पाण्यात उभं राहून नाही.

परतताना घाई नको. मातीच्या भिंती पुरात तग धरतात आणि पाणी ओसरल्यावर कोसळतात. पाण्यानं आतून मऊ झालेल्या असतात. आधी बाहेरून भेगा, फुगवटा बघा, मग आत जा. पोरं बाहेरच ठेवा. अडगळीत साप असतात.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. 1989 च्या पुरानंतर करवीर तालुक्यातल्या चिखली, आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला माळावर जागा दिल्या. कायमचं हलायचं, असा तो विचार. पण शेत नदीकाठी, गोठा नदीकाठी, वैरण नदीकाठी. माळावरच्या घरातून रोज तिथं जायचं आणि भारा घेऊन परत यायचं, ही पायपीट कुणाच्या वाट्याला? शिवाय माळावरची जागा कुणाच्या नावावर? ग्रामसभेत पुनर्वसनाचा विषय निघेल तेव्हा हे दोन प्रश्न आपल्याच कुणीतरी उठून विचारावे लागतील.