उपगट-संग्रह, संगणकीय

सांत गटांचे उपगट व त्यांचे परस्परसंबंध संगणकात साठवून त्यांतून हवी ती माहिती शोधता यावी म्हणून रचलेला संग्रह. गटातील जे घटक मूळ गटाच्याच क्रियेखाली स्वतंत्रपणे गट बनवतात, त्यांच्या संचाला उपगट म्हणतात. लहान गटाचे उपगट हाताने मांडता येतात, पण त्यांची संख्या झपाट्याने वाढते. चार वस्तूंच्या सर्व २४ अदलाबदलींच्या सममित गटात ३० उपगट आहेत. पाच वस्तूंसाठी १५६, सहांसाठी १,४५५, तर दहांसाठी २,९५,९४,४४६.

इतिहास : योआखिम नॉयब्यूझर यांनी उपगटांची जाळी संगणकाने काढण्याची रीत १९६० मध्ये प्रसिद्ध केली. हे काम कील येथे त्सुझे झेड-२२ या यंत्रावर झाले. एकघटकी उपगटापासून आरंभ करून थरावर थर चढवत जाणारी ही ‘चक्रीय विस्तार’ रीत आजही वापरात आहे. तिने केवळ निर्धार्य उपगट आपोआप मिळतात. बाकीच्यांसाठी परिपूर्ण उपगट वेगळे पुरवावे लागतात. नॉयब्यूझर यांच्याच नेतृत्वाखाली आखेन येथे १९८६ मध्ये गटांवरील संगणनाची ‘गॅप’ ही प्रणाली सुरू झाली. १९९७ मध्ये तिचे केंद्र स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे गेले.

रचना : संग्रहातील एक नोंद म्हणजे नेमके काय, हा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा निर्णय होय. प्रत्येक उपगटाची वेगळी नोंद केल्यास संग्रह अवाढव्य होतो. म्हणून एकमेकांचे संयुग्मी असलेले उपगट एका वर्गात घेऊन वर्गाची एकच नोंद करतात. त्यामुळे वरील ३० उपगटांचे ११ आणि २,९५,९४,४४६ उपगटांचे १,५९३ वर्ग होतात. नोंदीत उपगटाची कोटी (घटकसंख्या), निर्देशांक, जनक घटक, वर्गातील उपगटांची संख्या व प्रसामान्यक ही माहिती असते.

उपगटाचा अमूर्त प्रकार ही नोंदीची ओळख मानता येत नाही. चार वस्तूंच्या सममित गटात क्लाइन चार-गट दोन वर्गांत येतो : एका वर्गात एकच, प्रसामान्य उपगट आहे, दुसऱ्यात तीन आहेत व त्यांपैकी एकही प्रसामान्य नाही. प्रकारावरून नोंद केली तर हा भेद पुसला जातो.

खुणांचे कोष्टक : विल्यम बर्नसाइड यांनी सांत गटांवरील ग्रंथाच्या १९११ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही कल्पना मांडली. कोष्टकात प्रत्येक वर्गासाठी एक ओळ व एक स्तंभ असतो. उपगट क च्या सहसंचांपैकी किती सहसंच उपगट ख मुळे जागचे हलत नाहीत, ती संख्या क च्या ओळीत ख च्या स्तंभात लिहितात. वर्ग कोटीच्या चढत्या क्रमाने लावले, तर कर्णाच्या वर सर्वत्र शून्ये येतात, म्हणून शून्येतर संख्याच साठवणे पुरते.

तीन वस्तूंच्या सममित गटाचे कोष्टक, कर्णापर्यंतच्या संख्या ओळीने घेता, असे : ६; ३, १; २, ०, २; १, १, १, १. ओळीतील पहिली संख्या म्हणजे निर्देशांक. तिला कर्णावरील संख्येने भागले की वर्गातील उपगटांची संख्या मिळते. येथे ती अनुक्रमे १, ३, १, १ येते आणि एकूण सहा उपगट होतात. गटाची गुणाकार-सारणी पुन्हा उघडण्याची गरजच पडत नाही; कोष्टकाचे खरे मोल यात आहे. ग्योट्स फायफर यांनी १९९७ मध्ये माथ्यू यांच्या एम-२४ या गटाचे कोष्टक प्रसिद्ध केले. या गटाची कोटी २४,४८,२३,०४० असून त्याच्या उपगटांचे १,५२९ वर्ग आहेत.

शोध : कोटी, निर्देशांक, प्रसामान्यता किंवा महत्तमता यांवरून केलेला शोध नोंदींतूनच सुटतो. ‘क मध्ये ख च्या वर्गातील किती उपगट आहेत?’ हा प्रश्न दोन वर्गांच्या संबंधाचा आहे. त्यासाठी कोष्टकातील संबंधित संख्येला क च्या कोटीने गुणून ख च्या प्रसामान्यकाच्या कोटीने भागतात. वरील उदाहरणात संपूर्ण गटात दोन कोटीचे उपगट १ × ६ ÷ २ = ३ येतात.

इतर संग्रह : गॅपच्या लघुगट-संग्रहात १,०२४ वगळता २,००० पर्यंतच्या प्रत्येक कोटीचे सर्व गट आहेत. एलएमएफडीबी या संकेतस्थळावर अमूर्त गटांचे उपगट गुणधर्मांवरून शोधता येतात.

अनंत गट : अनंत गटांसाठीही, मर्यादा घालून, अशा याद्या करता येतात. मॉड्यूलर गट या अनंत गटाच्या २४ पर्यंत जीनस असलेल्या सर्वसमता-उपगटांची यादी कमिन्स व पाउली यांनी २००३ मध्ये दिली.

मर्यादा : खुणांच्या कोष्टकावरून गट नेहमी ओळखता येतो असे नाही, भिन्न गटांची कोष्टके सारखी असू शकतात, हे तेव्हनाज यांनी १९८८ मध्ये दाखवले. साठवलेले जनक घटकही गटाच्या एका विशिष्ट मांडणीला बांधलेले असतात. तोच गट कोणी दुसऱ्या मांडणीत घेतला, तर संग्रहातील उपगट त्यात उतरवण्यासाठी दोन्हीकडे जुळणारे प्रमाण जनक लागतात. म्हणून नोंदीसोबत प्रमाण जनक देणे आवश्यक असते. त्यांच्याविना उपगटांची संख्या कळते, पण उपगट हाती येत नाहीत.