दिवा होता, माणसं नव्हती

स्कॉटलंडच्या पश्चिमेला भर समुद्रात फ्लॅनन बेटं आहेत. तिथल्या आयलन मोरवर डिसेंबर १८९९मध्ये दीपगृह सुरू झालं. वर्षभरानं, २६ डिसेंबर १९०० रोजी ‘हेस्पेरस’ बोट पोचली, तर धक्क्यावर चिटपाखरू नाही. पाळीवर परतलेला जोसेफ मूर एकटाच वर चढला. दिवा पुसूनपासून, तेल भरून तयार, भांडी घासलेली. डुकॅट, मार्शल, मॅकार्थर हे तिघे रखवालदार तेवढे नव्हते. पाटीवरची शेवटची नोंद १५ डिसेंबरच्या सकाळची.

पुढं १९१२मध्ये विल्फ्रिड गिब्सनची कविता आली आणि न खाल्लेलं जेवण, कलंडलेली खुर्ची लोकांच्या मनात कायमची बसली. आम्हा कवींचं हे असंच! खरा पुरावा पश्चिमेच्या धक्क्याकडे होता. समुद्रापासून ११० फुटांवर ठेवलेली दोरखंडांची पेटी लाटांनी फोडली होती, लोखंडी कठडे वाकवले होते. पेटी सावरायला गेलेल्यांना प्रचंड लाटेनं ओढून नेलं, असं चौकशी करणाऱ्या म्यूरहेड यांचं मत पडलं.

पण मॅकार्थरचा कोट आतच राहिला होता. त्या थंडीत माणूस नुसत्या सदऱ्यावर धावत सुटतो तो कुणाची तरी हाक ऐकूनच, असं मला वाटतं.